परदेशातील विद्यार्थिदशा आणि व्यक्तित्वाची घडण : डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चरित्राच्या आधारे

१. प्रश्नाचे स्वरूप

परदेशी जाऊन शिकलेल्या विद्यार्थ्याविषयी महाराष्ट्रात दोन मते फार दिवसांपासून रूढ आहेत. परदेशवासाने दृष्टी विशाल होते, स्वावलंबन अंगी येते आणि मनुष्य संकुचितपणातून मुक्त होतो, हे पहिले मत. परदेशी गेलेला मनुष्य आपल्या माणसांस पारखा होतो व परत आला तरी मनाने परका राहतो, हे दुसरे. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी दिसतात. परंतु दोहोंच्या मुळाशी गृहीत एकच आहे. समुद्र ओलांडणे हेच परिवर्तनाचे कारण, असे दोन्ही पक्ष मानतात. ओलांडल्यानंतर नेमके काय घडते, कोणत्या क्रमाने घडते आणि ते सर्वांच्याच बाबतीत का घडत नाही, हा प्रश्न त्यामुळे बहुधा विचारलाच जात नाही.

हा प्रश्न सोलापूरच्या अभ्यासकांना जवळून तपासता यावा असे एक चरित्र याच शहराने दिले आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–१९४२) यांचे नाव येथे आबालवृद्धांस परिचित आहे. भैय्या चौकातील त्यांच्या राहत्या घराचे स्मारक झाले आहे आणि भारत-चीन मैत्रीचे प्रतीक म्हणून त्यांचा गौरव नेहमी होतो. परंतु प्रतीक झालेल्या मनुष्याचे शिकणे दृष्टिआड होते. कोटणीस चीनला गेले ते वैद्यकाची पदवी नुकतीच पदरी पडलेले, पुढील शिक्षणाची तयारी करणारे सत्तावीस वर्षांचे तरुण म्हणून. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी कोणत्याही विद्यापीठात घेतले नाही. तथापि १९३८ ते १९४२ ही चार वर्षे त्यांची खरी विद्यार्थिदशा होती, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे. या विद्यार्थिदशेची बारकाईने पाहणी करून परदेशवास व्यक्तित्वास कशामुळे आकार देतो, याचा विचार पुढे केला आहे.

२. पूर्वपरंपरा

कोटणीस यांच्यापूर्वी परदेशी गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांची परंपरा अर्धशतकाहून जुनी होती. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांना नुकतेच अठरावे वर्ष पूर्ण झाले होते. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे इंग्रजीतून भाषण करून त्यांनी आपल्या जाण्याची कारणे मांडली. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध हिंदु समाजातील प्रसूतिशास्त्रावर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले व ९ मे १९१६ रोजी तेथील चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवरील आपला निबंध वाचला. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. मानवी कवटीच्या असममितीविषयी त्यांनी केलेल्या मोजणीतून वंशभेदाची कल्पना पुष्ट होत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांच्या वंशविषयक मतांशी तो जुळणारा नव्हता. तरीही तो मांडून त्यांनी १९३० साली डॉक्टरेट मिळविली.

या तीन उदाहरणांत एक समान धागा आहे. तिघांच्याही चरित्रात परदेशी समाजास उत्तर देण्याचा एक क्षण येतो. आनंदीबाईंनी आपल्या समाजातील ज्ञान परक्या परीक्षकांपुढे मांडले. आंबेडकरांनी स्वतः भोगलेल्या व्यवस्थेस शास्त्रीय चिकित्सेचा विषय केले. कर्वे यांनी गुरूच्या मतापेक्षा मोजमापाचा निर्णय मोठा मानला. विद्यार्थी केवळ ग्रहण करीत असतो तोपर्यंत त्याची माहिती वाढते. उत्तर देण्याची पाळी आली म्हणजे त्याला आपण कोण आहोत याचा निर्णय करावा लागतो, आणि व्यक्तित्वाची वाढ येथूनच सुरू होते.

मात्र या तिघांच्याही उत्तराचे माध्यम ज्ञानक्षेत्रात आधीच प्रतिष्ठा पावलेली युरोपीय भाषा हे होते आणि श्रोते विद्यापीठातील विद्वान होते. ज्या देशाची भाषा आपल्या शाळांत कोणी शिकवीत नाही, ज्याच्या पदवीला आपल्या बाजारात भाव नाही, अशा देशात जाऊन तेथील सामान्य जनांना उत्तरदायी होण्याचा प्रसंग आला तर काय होईल, याचे उदाहरण या परंपरेत नव्हते. ते कोटणीस यांच्या रूपाने घडले.

३. सोलापूर, मुंबई आणि प्रस्थान

१० ऑक्टोबर १९१० रोजी कोटणीस यांचा सोलापुरात जन्म झाला. वडील गिरणीत नोकरीस होते. गिरण्यांमुळे आणि हातमागांमुळे वाढलेल्या या शहरात मराठीबरोबरच तेलुगु, कानडी आणि दख्खनी उर्दू या भाषा रोजच्या व्यवहारात कानी पडत. घरात एक भाषा, मागावर दुसरी आणि बाजारात तिसरी, ही स्थिती येथे अपवादात्मक नव्हती आणि आजही नाही. अशा शहरात वाढलेल्या मुलास परकी भाषा ही ग्रंथांतून शिकावयाची दुर्मीळ वस्तू वाटत नाही. शेजाऱ्याशी बोलण्याचे ते एक साधन असते. या संस्काराचे नेमके मोजमाप करता येणार नाही. पण पुढील घटनांच्या संदर्भात तो लक्षात ठेवणे योग्य होईल. मे १९३० मधील लष्करी कायदा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना झालेली फाशी, या घटनांनी शहराची राजकीय जाणीव तीव्र केली होती. कोटणीस यांच्या पिढीचे तारुण्य याच वातावरणात सुरू झाले.

मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. या महाविद्यालयाची आणि त्याच्याशी जोडलेल्या के. ई. एम. रुग्णालयाची स्थापना १९२६ साली झाली, तीच मुळी वैद्यकीय शिक्षणाचे कार्य भारतीय अध्यापकांच्या हाती असावे या आकांक्षेतून. इकडे जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेस आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख. ते स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि कोटणीस हे उरलेले चौघे. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबईचा किनारा सोडला.

कँटन, हँकौ आणि चुंगकिंग असा त्यांचा प्रवास झाला. चुंगकिंगच्या मुक्कामात कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परतण्यास यापेक्षा सबळ कारण असू शकत नव्हते आणि परतले असते तर कोणी दोषही दिला नसता. त्यांनी पथकाबरोबर पुढे जाण्याचे ठरविले व फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले. कुटुंबावरील कर्तव्य आणि स्वीकृत कार्य यांतील निवड घरापासून दूर, वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यावाचून करावी लागणे, ही परदेशवासाची पहिली कठोर कसोटी. स्वावलंबन या शब्दाने बहुधा आर्थिक व व्यावहारिक गोष्टी सुचविल्या जातात. येथे त्याचा अर्थ निर्णयाचे संपूर्ण दायित्व एकट्याने पत्करणे असा होता.

४. नाव आणि भाषा

चीनमध्ये पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या अखेरीस ‘हुआ’, म्हणजे चीन, हे पद जोडलेले होते. कोटणीस यांचे नाव ‘के दिहुआ’ झाले. त्यांच्या आडनावाचे चिनी वर्णांत लिप्यंतर ‘के-दि-नि-सि’ असे होते. त्यातील पहिले दोन वर्ण घेऊन पुढे ‘हुआ’ लावले गेले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही घटना अर्थपूर्ण आहे. चिनी लिपीत परके नाव केवळ ध्वनी म्हणून लिहिता येत नाही. निवडलेल्या प्रत्येक वर्णास स्वतःचा अर्थ असतो आणि नाव धारण करणारा त्या अर्थांच्या व्यवस्थेत आपोआप शिरतो. तथापि नाव मिळणे हा यजमानांचा सत्कार होय. त्या नावाने हाक मारणाऱ्यास त्याच्या भाषेत उत्तर देणे हे पाहुण्याचे काम, आणि ते कोटणीस यांनी केले.

मराठी भाषकास चिनी शिकताना काय सोपे व काय अवघड जाते, हे पाहिल्यास या कामाचे मोल ध्यानात येईल. चिनीत स्पर्शवर्णांचा मुख्य भेद अल्पप्राण व महाप्राण हा आहे. ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’ यांतील अंतर मराठी कानास उपजत कळते. इंग्रजी भाषकास तेच प्रयासाने शिकावे लागते. ‘चमचा’ आणि ‘चीन’ या शब्दांतील दोन निराळे ‘च’ मराठीत आहेत व त्यांच्याशी मिळतेजुळते भेद चिनीतही आढळतात. परंतु सूर हा प्रकार मराठीस सर्वस्वी अपरिचित. प्रमाण चिनीत एकाच अक्षरसमूहाचे चार सुरांनी चार निरनिराळे अर्थ होतात. शिवाय येनान ज्या शेन्सी प्रांतात आहे तेथील बोली आणि पुढे कोटणीस जेथे राहिले त्या होपेई प्रांतातील ग्रामीण बोली, या दोहोंत उच्चारांचा फरक आहे. लिपीत तर वर्णमालाच नाही. पदवीधर झालेल्या मनुष्यास येथे पुन्हा बाराखडीपूर्वीच्या अवस्थेत जावे लागते.

ही पुन्हा बालक होण्याची अवस्था व्यक्तित्वाच्या घडणीत अत्यंत महत्त्वाची आहे. सुशिक्षित प्रौढाची प्रतिष्ठा फार मोठ्या प्रमाणावर त्याच्या भाषेवर उभी असते. विनोद करणे, आग्रह धरणे, नम्रपणे नकार देणे, सहानुभूती दाखविणे, ही सर्व कामे भाषा करते. ती हिरावली गेली की मनुष्य आपल्याच दृष्टीने लहान होतो. या अनुभवास दोन प्रकारे तोंड देता येते. दुभाष्याच्या साहाय्याने पूर्वीची प्रतिष्ठा राखावी, हा पहिला मार्ग. कोटणीस यांच्यापूर्वी त्याच प्रदेशात अद्वितीय कार्य करून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी दिवंगत झालेले कॅनेडियन शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी दुभाष्याच्याच साहाय्याने काम केले होते. तातडीच्या युद्धकार्यात तो मार्ग गैर म्हणता येत नाही. दुसरा मार्ग लहानपण पत्करण्याचा. कोटणीस यांनी तो स्वीकारला आणि थोड्याच काळात त्यांनी रुग्णांशी व सहकाऱ्यांशी चिनीत बोलण्याइतकी व पुढे चिनीतून अध्यापन करण्याइतकी प्रगती केली.

५. विद्यार्थ्याचा अध्यापक

पथकातील चोळकर व मुखर्जी १९३९ मध्येच परतले. अटल १९४० मध्ये परतले. वय आणि प्रकृती यांची मर्यादा कोणासही चुकत नाही. १९४० मध्ये कोटणीस व बसू शत्रूच्या पिछाडीस असलेल्या शान्सी-चाहार-होपेई या सीमाप्रदेशात दाखल झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘शंभर पलटणींची मोहीम’ सुरू झाली. त्या धुमश्चक्रीत कोटणीस यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केल्याची नोंद आहे. बसू येनानला परत गेले. कोटणीस मात्र तेथेच राहिले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावे असलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच जोडीने तेथील वैद्यकीय विद्यालयात ते शिकवू लागले.

ग्रामीण भागातील, अल्प शिक्षण झालेल्या तरुणांना शस्त्रक्रिया शिकविणे हे त्यांचे काम. पुस्तके नव्हती, उपकरणे तोकडी होती, रुग्णालयास स्थलांतर करावे लागे. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवर पाठ्यटिपणे तयार केली आणि विशिष्ट शस्त्रक्रियांवरील दुसरा ग्रंथ हाती घेतला. मृत्यूमुळे तो अपुरा राहिला. येथे वर सांगितलेले सूत्र पूर्णत्वास जाते. आनंदीबाई, आंबेडकर आणि कर्वे यांनी परदेशी समाजास दिलेले उत्तर प्रबंधाच्या वा निबंधाच्या रूपाने होते व त्याचे परीक्षण गुरुजनांनी केले. कोटणीस यांचे उत्तर पाठ्यपुस्तकाच्या रूपाने होते, व त्याचे परीक्षण जखमी सैनिकांच्या शरीरांवर व्हावयाचे होते. चूक झाल्यास गुण कमी होण्याचा प्रश्न नव्हता. एक मनुष्य दगावण्याचा होता. ज्ञानाच्या उत्तरदायित्वाची याहून स्पष्ट जाणीव कोणते विद्यापीठ करून देईल?

१९४१ च्या अखेरीस परिचर्याशास्त्राच्या अध्यापिका क्वो छिंग-लान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र जन्मला. त्याचे ‘यिन्-हुआ’ हे नाव भारत व चीन यांच्या चिनी नावांतील एकेक वर्ण जोडून केलेले आहे. पित्याच्या नावात ‘हुआ’ बाहेरून येऊन जोडले गेले होते. पुत्राच्या नावात दोन्ही देश समान अधिकाराने बसले. जुलै १९४२ मध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते.

६. तुलना आणि मर्यादा

एका चरित्रावरून सामान्य सिद्धांत काढणे धोक्याचे असते; परंतु या पथकातच तुलनेची सोय आहे. एकाच जहाजातून, एकाच हेतूने, समान शिक्षण घेतलेले पाच जण गेले. परदेश सर्वांना सारखाच लाभला. फलश्रुती मात्र निरनिराळी झाली. अटल यांनी स्पेनमधील अनुभव बरोबर आणला होता व त्यांची जीवनदृष्टी आधीच घडलेली होती. बसू १९४३ पर्यंत चीनमध्ये राहिले, त्यांची रोजनिशी १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते चीनला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले व सूचिचिकित्सेचे शिक्षण घेऊन त्यांनी ती विद्या भारतात रुजविली. शिकण्याची सवय परदेशवासानंतरही टिकली, याचे हे बोलके उदाहरण. तेव्हा परदेशवास हे परिवर्तनाचे कारण मानण्यापेक्षा ती परिवर्तनाची संधी मानणे अधिक युक्त होय. संधीचे रूपांतर घडणीत होण्यास दोन गोष्टी लागतात : आपली प्राप्त प्रतिष्ठा बाजूस ठेवून नवशिका होण्याची तयारी, आणि जेथे शिकलो तेथील माणसांप्रती प्रत्यक्ष दायित्व.

या घडणीची किंमतही दृष्टिआड करता येत नाही. अतिश्रम, कुपोषण आणि आजार यांनी कोटणीस यांचे आयुष्य संपविले. सोलापुरातील कुटुंबास पित्याच्या पाठोपाठ पुत्रही गमवावा लागला. ते परतले नाहीत, म्हणून चीनमध्ये घडलेला मनुष्य आपल्या शहरात येऊन कसा वागला असता, हे इतिहासास कधीच सांगता येणार नाही. परदेशवासाची अखेरची परीक्षा परत आल्यावर होते असे मानले, तर ही परीक्षा त्यांच्या वाट्यास आलीच नाही. आंबेडकर आणि कर्वे यांच्या कार्याचे मोठेपण बव्हंशी त्या परीक्षेत सिद्ध झाले.

त्यांच्या स्मृतीचे पुढे जे झाले तेही विचारार्ह आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले व त्याच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. देशभर नाव पोहोचविण्याचे श्रेय या दोन कृतींस निःसंशय जाते. परंतु चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत चिनी पात्रेही हिंदी बोलतात. प्रेक्षकांच्या सोयीसाठी हे अपरिहार्यच होते. तथापि त्यामुळे नायकाने केलेले सर्वांत कष्टाचे काम पडद्यावरून नाहीसे झाले. त्यागाची कथा उरली आणि शिकण्याची कथा लोपली. स्मारके, टपाल-तिकिटे आणि राजकीय भेटीगाठी यांनीही पुढे त्यागच अधोरेखित केला. त्यागाचे अनुकरण विरळा करू शकतो. शिकण्याचे अनुकरण प्रत्येक विद्यार्थ्यास शक्य आहे. म्हणून लोपलेली कथा पुन्हा मांडण्याची आवश्यकता आहे.

७. उपसंहार

कोटणीस यांच्यानंतर सहा-सात दशकांनी भारतीय विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी मोठ्या संख्येने चीनला जाऊ लागले. २०२० साली साथीच्या रोगामुळे चीनच्या सीमा बंद झाल्या तेव्हा चिनी विद्यापीठांत नाव नोंदविलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सुमारे २३,००० होती व त्यांतील बहुतेक वैद्यकाचे विद्यार्थी होते. या विद्यार्थ्यांचे वर्ग इंग्रजीतून चालतात. परंतु रुग्णालयात रुग्णाशी बोलावयाचे ते चिनीतच. सप्टेंबर २०२२ मध्ये पेकिंग येथील भारतीय वकिलातीने प्रसिद्ध केलेल्या सूचनापत्रातही चिनी भाषेच्या आवश्यकतेकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधण्यात आले. वर्ग एका भाषेत आणि रुग्ण दुसऱ्या भाषेत, ही अडचण विद्यार्थी परीक्षेपुरती सोडवितो की मुळातून सोडवितो, यावर त्याच्या परदेशवासाचे फळ अवलंबून आहे.

विद्यापीठांच्या विचारार्थ यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. परदेशी पाठवावयाच्या विद्यार्थ्याची तयारी प्रवेशपत्र, शुल्क आणि निवास यांपाशी संपू नये. ज्या समाजात तो जाणार त्याची भाषा, निदान बोलण्यापुरती, येथेच सुरू करून द्यावी आणि परतल्यावर त्याने काय मिळविले याबरोबरच तेथे कोणास काय दिले, हेही विचारावे. तेलुगु, कानडी, उर्दू आणि मराठी यांच्या सहवासात वाढणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्यास ही तयारी इतरांपेक्षा जड जाण्याचे कारण नाही. शेजाऱ्याची भाषा शिकणे हा या शहराचा जुना परिपाठ आहे. कोटणीस यांनी तोच परिपाठ होपेईच्या खेड्यांपर्यंत नेला.